शाळेतले भाषण आणि वृत्तपत्रांची जबाबदारी

शाळेच्या फलकावर वक्तृत्वस्पर्धेची सूचना लागली म्हणजे तिचा खरा परिणाम वर्गात न होता घरात होतो. नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असलेल्या सातपुरातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर येथील माळावर कारखाने उभे राहिले, कारखान्यांच्या पाठोपाठ जवळच्या व दूरच्या जिल्ह्यांतून कामगारांची कुटुंबे आली, आणि पूर्वीचे गाव आज नाशिक महापालिकेचा एक गजबजलेला विभाग होऊन बसले आहे. समजा, अशा घरात नववीत शिकणारी एक मुलगी संध्याकाळी येऊन सांगते की, विषय मिळाला आहे ‘प्रसारमाध्यमांचे उत्तरदायित्व’. वेळ सहा मिनिटे. आणि भाषण संपल्यावर परीक्षक एक प्रश्न विचारणार आहेत.

मग घरातील प्रत्येकजण तिच्या साहाय्यास धावतो, कारण ह्या विषयावर ज्याला मत नाही असा मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. पाळीवरून परतलेले वडील म्हणतात की दूरचित्रवाणीवर नुसती भांडणे असतात. आई म्हणते की पहिल्या पानावर बातमी कोठे आहे हे जाहिरातींतून शोधावे लागते. काकांचे मत असे की सगळेच विकले गेले आहेत. तासाभरात दोन पाने भरतात. त्यांत लोकशाहीचा चौथा स्तंभ डळमळतो, लेखणीची तलवार बोथट होते, आणि सत्याचा गळा घोटला जातो. भाषण तयार झाले अशी सर्वांची समजूत होते.

वास्तविक ह्या दोन पानांत भाषण अद्याप सुरूच झालेले नाही. ‘सगळे विकले गेले आहेत’ ह्या वाक्याला टाळ्या पडतात खऱ्या, पण त्या ज्यांचे मत आधीपासून तसेच आहे त्यांच्या. ज्याचे मत निराळे आहे तो मनात एवढेच विचारतो की, कोण विकले गेले, कोणाला, आणि हे तुला कोणी सांगितले? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे वक्त्याजवळ नसतील तर एक विलक्षण गोष्ट घडते. पुराव्यावाचून आरोप करणे, नाव न घेता सर्वांवर चिखल उडविणे आणि ऐकीव गोष्ट निश्चित म्हणून सांगणे, हे जे दोष ती मुलगी वृत्तपत्रांच्या पदरी बांधणार, तेच तिच्या सहा मिनिटांत पुरेपूर उतरलेले असतात. ह्या विषयावरील भाषणाची अडचण नेमकी येथे आहे. पर्यावरणावर किंवा हुंड्यावर बोलणारा वक्ता थोडा सैल बोलला तर खपते. पण दुसऱ्याच्या बोलण्याचा हिशेब मागावयास उभ्या राहिलेल्या माणसाच्या स्वतःच्या वहीत जमाखर्च जुळलेला हवा.

तेव्हा पहिले काम लिहिण्याचे नव्हे, पाहण्याचे आहे. घरी येणारे वर्तमानपत्र घ्यावे आणि त्याच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, ज्या बारीक अक्षरांकडे कोणाचीही दृष्टी जात नाही, ती वाचावीत. तेथे मुद्रकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, छापखान्याचा पत्ता असतो, आणि संपादकाचे नाव देऊन बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे असे म्हटलेले असते. ही ओळ सौजन्याने छापलेली नाही. १८६७ सालच्या मुद्रण व ग्रंथनोंदणीच्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक केले. वर्तमानपत्रावर संपादकाचे नाव घालण्याची तरतूद मागाहून आली. तो कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला, आणि २०२३ सालच्या नव्या कायद्याने त्याची जागा २०२४ मध्ये घेतली. मूळ कायदा परकीय सरकारने आपल्या सोयीसाठी, छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी केला होता, हे खरे. परंतु त्यातून वाचकाच्या हाती एक मोलाची गोष्ट आली. जे छापले आहे त्याबद्दल कोणाच्या दारात जाऊन उभे राहावयाचे, हे त्याला कळू लागले.

उत्तरदायित्व ह्या भारदस्त शब्दाचा अर्थ त्या बारीक ओळीतच आहे. उत्तर देणारा कोणीतरी नावानिशी उभा असला पाहिजे. उत्तर कोणापुढे द्यावयाचे ते ठरलेले असले पाहिजे. आणि कशाबद्दल द्यावयाचे तेही. मुलीने ही ओळ वाचल्यावर आईच्या भ्रमणध्वनीवर त्याच दिवशी आलेला एखादा ‘पुढे पाठवा’ असा निरोप उघडून त्याच्या तळाशीही अशी ओळ आहे काय ते पाहावे. ती नसते. भाषणाची सुरुवात करावयास ह्याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही. एका हातात वर्तमानपत्र व दुसऱ्या हातात ते यंत्र घेऊन तिने सभेस एवढेच विचारावे की, ह्या दोहोंपैकी चुकले कोण हे कळल्यावर जाब कोणास विचारता येईल?

आता उदाहरण. एकच घ्यावे, पण ते पुरते घ्यावे. सहा मिनिटांत पाच उदाहरणे देणारा वक्ता श्रोत्यांच्या स्मरणात एकही ठेवून जात नाही. शिवाय उदाहरण असे निवडावे की, ते आपल्या आवडत्या माणसाविरुद्ध जाणारे असेल. नावडत्या माणसाचा दोष दाखविणे हे कोणालाही साधते, आणि म्हणूनच ते कोणाला पटत नाही. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात असे एक उदाहरण आहे. ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते, आणि त्याच्यात संपूर्ण भाषणाचा ऐवज आहे.

१८८१ सालच्या जानेवारीत पुण्यास इंग्रजी ‘मराठा’ व मराठी ‘केसरी’ ही दोन साप्ताहिके निघाली. ‘मराठा’चे संपादन टिळकांकडे व ‘केसरी’चे आगरकरांकडे होते. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, दोघेही शाळामास्तर, आणि दोघांच्याही अंगी अन्यायाविषयी चीड होती. त्या वेळी कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीमहाराज ह्यांना वेडे ठरवून त्यांच्यावर देखरेख ठेवली होती, आणि ह्या देखरेखीच्या नावाखाली त्यांचा छळ होत आहे असा बोभाटा महाराष्ट्रभर झाला होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर लोकांचा रोष होता. अशात बर्वे ह्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुण्यात आली. महाराजांच्या जिवाविरुद्धच्या कटात कारभाऱ्यांचे अंग आहे असे त्या पत्रांवरून दिसत होते. दोन्ही साप्ताहिकांनी ती खरी मानली आणि बर्वे ह्यांच्यावर उघड आरोप केले.

बर्वे ह्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईस उभा राहिला, आणि पत्रे बनावट होती असे निष्पन्न झाले. संपादकांनी माफी मागितली. परंतु माफीने शिक्षा टळली नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक व आगरकर ह्यांस प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला बाहेर आले. आगरकरांनी ह्या दिवसांवर पुढे एक पुस्तकच लिहिले. त्याच्या नावातही एकशे एक दिवसांचा आकडा आहे.

ही हकीकत सांगताना बहुतेक वक्ते ‘देशासाठी भोगलेला पहिला तुरुंगवास’ म्हणून तिच्यावरून भरभर पुढे जातात. मुलीने तेथेच थांबावे, कारण तेथे विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. संपादकांचा हेतू शुद्ध होता; त्यात कोणाला शंका नव्हती. त्यांची मूळ भीतीही निराधार नव्हती, असे म्हणावयास जागा आहे. कारण पुढील वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, ते दुर्दैवी महाराज अहमदनगर येथे देखरेखीखाली असतानाच, गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. लोक संपादकांच्या बाजूचे होते. जोतीराव फुले ह्यांचे व ह्या तरुणांचे विचार अनेक बाबतींत जुळत नसत, तरी त्यांच्या जामिनाची व्यवस्था जोतीरावांच्या पुढाकाराने झाली. सुटकेनंतर त्यांचे मोठे स्वागत झाले. एवढे सर्व असूनही एक गोष्ट उरतेच. पत्रे खोटी होती; आणि ज्या मनुष्याच्या नावावर ती छापखान्यापर्यंत पोहोचली, त्या मनुष्यावर त्यांनी न लिहिलेल्या शब्दांबद्दल सर्व महाराष्ट्रापुढे कलंक लागला होता. बर्वे कारभारी म्हणून चांगले होते की वाईट हा प्रश्न निराळा. वाईट माणसाविरुद्धही खोटा पुरावा खोटाच असतो.

हेतू चांगला होता हे उत्तर होऊ शकत नाही, एवढे मान्य केले म्हणजे उत्तरदायित्वाचा विचार सुरू होतो. मुलीच्या भाषणाचा कणा हाच. टिळक-आगरकरांसारखी माणसे चुकू शकतात, तर त्याहून घाईत, त्याहून थोड्या शिक्षणाने आणि त्याहून मोठ्या आर्थिक ओढाताणीत काम करणारी आजची माध्यमे चुकणार नाहीत असे कोण म्हणेल? मुद्दा चुकीचा नसून चुकीनंतरच्या वागणुकीचा आहे. त्या दोघांनी पत्रे खोटी ठरल्यावर ती खरीच होती असा हट्ट धरला नाही. आणि चूक कबूल केल्याने त्यांची किंवा त्यांच्या पत्राची पत गेली असेही दिसत नाही. ‘केसरी’ त्यानंतर वाढतच गेला. चूक छापली तर वाचक सोडून जातील, ही आजच्या अनेक संपादकांची भीती ह्या एका उदाहरणापुढे फारशी टिकत नाही.

येथवर आले की परीक्षकांचा प्रश्न आपोआप सुचतो, आणि तो त्यांनी विचारण्यापूर्वी वक्त्याने स्वतःच विचारावा हे उत्तम. माध्यमांना जाब विचारावा हे ठीक; पण जाब विचारण्याच्या नावाखाली त्यांचे तोंड बंद केले गेले तर? ही शंका पोकळ नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांपुरता एक कायदा केला, तोही पत्रे बेजबाबदार आहेत असे सांगूनच. आणि इंग्रजी पत्रांना त्यातून वगळले. १९०९ साली नाशिकचेच बाबाराव सावरकर ह्यांना कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केल्यावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. स्वातंत्र्यानंतरही, १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. सातपूरच्या मुलीच्या आजोबांना तो काळ आठवत असेल तर तो त्यांच्या तोंडून ऐकून घेण्यासारखा आहे.

ह्या शंकेचे उत्तर देण्यास दुसरा मनुष्य शोधावा लागत नाही; टिळकच पुन्हा उपयोगी पडतात. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले, आणि मुंबईच्या गिरणी-कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेस सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिले. कामगारांच्या वस्तीत बोलताना हा तपशील विसरू नये. १८८२ आणि १९०८ हे एकाच संपादकाचे दोन तुरुंगवास शेजारी शेजारी ठेवावेत. पहिल्या वेळी फिर्यादी एक व्यक्ती होती, आणि प्रश्न होता की, तिच्याविषयी छापलेले खरे की खोटे? दुसऱ्या वेळी फिर्यादी सरकार होते, आणि लेखांतील अमुक वस्तुस्थिती खोटी आहे असा मुद्दाच मुख्य नव्हता. लेखांमुळे सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते एवढा आरोप पुरेसा ठरला. पहिला जाब सत्याविषयीचा होता, दुसरा सत्तेच्या सोयीविषयीचा. उत्तरदायित्व म्हणजे पहिला. दुसऱ्यास ते नाव देणे म्हणजे शब्दाची विटंबना होय. हा फरक मुलीच्या मनात स्पष्ट असेल तर परीक्षकांनी कोणत्याही अंगाने प्रश्न टाकला तरी तिचा पाय घसरणार नाही. शिक्षेची कठोरता पाहून नव्हे, तर विचारलेला प्रश्न पाहून हे दोन प्रसंग ओळखावयाचे असतात, हे एक वाक्य तिने पाठ केले तरी चालेल. बाकी भाषण पाठ करू नये.

मग जाब विचारण्याची रीतसर जागा कोणती? ह्या भागास भाषणात मिनिटाहून अधिक देऊ नये, कारण संस्थांची नामावळी ऐकताना सभागृह पेंगते. परंतु माहिती मात्र पक्की असावी. पहिला वृत्तपत्र आयोग १९५२ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला, आणि त्याने १९५४ च्या अहवालात वृत्तपत्रांसाठी एक परिषद असावी अशी सूचना केली. १९६५ च्या कायद्याने ती परिषद होऊन १९६६ पासून काम करू लागली. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती मुधोळकर. आणीबाणीत ती मोडण्यात आली, १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. दैनिकात वा साप्ताहिकात काही गैर छापून आले तर प्रथम संपादकास लिहावयाचे, समाधान न झाल्यास दोन महिन्यांच्या आत परिषदेकडे तक्रार करावयाची, अशी पद्धत आहे. परिषद ताकीद देऊ शकते, नापसंती व्यक्त करू शकते. दंड करू शकत नाही. ह्या दात नसलेल्या संस्थेची थट्टा करण्याचा मोह वक्त्याला होतोच. पण दात दिले तर ते कोणाच्या हाती जातील, ह्याचा विचार आणीबाणी आठवून करावा. दूरचित्रवाणीच्या बातम्यांसाठी वाहिन्यांनीच २००८ साली आपल्यापैकी काहींना बांधून घेणारे एक मंडळ नेमले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते किती आवश्यक होते हे मुंबईने पाहिले. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात चकमक चालू असतानाच तिची थेट दृश्ये दाखविली गेली; त्या प्रक्षेपणाने हल्लेखोरांच्या सूत्रधारांना मदत झाली आणि जवानांचे प्राण धोक्यात आले, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात कठोर शब्दांत नोंदविले.

ह्याच ठिकाणी भाषण मुंबई-दिल्लीहून घरी परत आणावे लागते, नाहीतर ते सातपूरच्या सभागृहातील कोणाचेच राहत नाही. औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. एखाद्या कारखान्यातून वायू सुटला अशी आवई रात्री उठली तर अर्ध्या तासात रस्ता माणसांनी भरेल, आणि त्या गर्दीत कोणी चिरडले गेले तर वायू सुटलाच नव्हता हे दुसऱ्या दिवशी कळून काय उपयोग? उलट वायू खरोखर सुटला आणि कारखान्याच्या जाहिरातीकडे पाहून कोणी बातमी दाबली, तर ते अधिकच भयंकर. खोटी बातमी आणि दाबलेली बातमी ही एकाच दोषाची दोन तोंडे आहेत, हे कामगाराच्या मुलीने सांगितले म्हणजे त्याला वजन येते. ग्रंथातून उचललेल्या दहा व्याख्यांना ते येत नाही.

आणि एक उदाहरण असे आहे की ते सांगताना आवाज चढविण्याची गरज पडत नाही. किंबहुना तो उतरविलाच पाहिजे. नाशिकला लागून असलेल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, गावचा बाजार. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागण्यास तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे असे निरोप त्या सुमारास भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरले होते. लोकांनी त्या पाचांना धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले, आणि मरेपर्यंत मारले. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबास पोलिसांनी वाचविले. त्यांच्यात एक लहान मूल होते. त्या काळी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांनी सावध राहावे म्हणून तयार केलेली होती. तिच्या शेवटी पळविलेले मूल परत आणून सोडले जाते व उपदेशाचा फलक दिसतो. कोणीतरी तेवढा शेवट कापला.

कोल्हापूरची पत्रे कोणीतरी बनविली होती. ही चित्रफीत कोणीतरी कापली. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतराने कृती तीच आहे. फरक इतकाच की, १८८२ साली उत्तर देण्यास दोन संपादक नावानिशी पिंजऱ्यात उभे राहिले. राईनपाड्यात मारणाऱ्यांवर खटला झाला, पण तो निरोप ज्या हजारो बोटांनी पुढे ढकलला त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि विचारणे शक्यही नव्हते. त्या महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास प्रतिबंध केला. पाच ही संख्या काय पाहून ठरविली असेल ते असो.

हे सांगून झाल्यावर श्रोत्यांकडे काय मागावयाचे, ह्याचा विचार आधीच करून ठेवला पाहिजे. पटवून देण्याचे भाषण म्हणजे शेवटी एक मागणी असते. ‘माध्यमांनी सुधारले पाहिजे’ ही मागणी व्यर्थ आहे, कारण सभागृहात एकही माध्यमसम्राट बसलेला नसतो. बसलेली असतात दीडदोनशे मुले, शिक्षक, काही पालक. त्यांच्याकडून होईल एवढेच मागावे. एखाद्या दैनिकाने शाळेविषयी किंवा वस्तीविषयी चुकीचे छापले तर ओट्यावर बसून चरफडण्याऐवजी संपादकास तारीख, पान व चूक नमूद करून पत्र लिहावे. शाळेत भित्तिपत्रक लागत असेल तर त्याच्या एका कोपऱ्यात ‘मागील अंकातील चुका’ असे सदर कायमचे असावे, आणि तळाशी संपादन करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे असावीत. ६ जानेवारी हा ‘दर्पण’चा दिवस म्हणून शाळाशाळांतून पत्रकारदिन साजरा होतो, १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ते पत्र काढले. त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर हे सदर सुरू झाले तर हारांना काही अर्थ येईल. मुख्याध्यापकांना ही सूचना रुचेल की नाही हे सांगवत नाही. शाळेच्या भिंतीवर शाळेच्याच चुका लागणे हे पचावयास कठीण असते, आणि ते किती कठीण आहे हे कळणे हाही ह्या विषयाचा अभ्यासच आहे.

लेखन ह्या क्रमाने जुळले की सहा मिनिटांसाठी सुमारे सहाशे शब्द पुरतात. मराठी सभेत मिनिटाला शंभराच्या वर शब्द गेले की अर्थ मागे राहतो आणि आवाज पुढे धावतो. घरात मोठ्याने म्हणून पाहावे, आणि जेथे श्वास पुरत नाही तेथे वाक्य तोडावे. ‘आदरणीय व्यासपीठ’पासून ‘माझ्या बालमित्रांनो’पर्यंतचा ठरीव नमनाचा भाग एका वाक्यात आटोपावा; परीक्षकांनी तो त्या दिवशी वीस वेळा ऐकलेला असतो. हातवाऱ्यांची तालीम करू नये. वर्तमानपत्राची शेवटची ओळ दाखविण्यासाठी हात एकदा वर गेला तेवढा पुरे. राईनपाड्याच्या प्रसंगानंतर दोन क्षण थांबावे. शिक्षक ह्यास विसरणे समजून पुढचा शब्द सुचवावयास पाहतील, त्यांना आधी सांगून ठेवावे.

तालमीसाठी श्रोता म्हणून आजोबांसारखा मनुष्य उत्तम. त्यांच्यापुढे टिपण ठेवावे आणि प्रत्येक वाक्यानंतर त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारावा, ‘हे कशावरून?’ ज्या वाक्यास उत्तर देता येत नाही त्यावर शिसपेन्सिलीने काट मारावी. पहिल्या दिवशीच्या दोन पानांपैकी बहुधा चार ओळी उरतील, आणि काकांचे आवडते वाक्य त्यांत नसेल. काका थोडे रुसतील. त्यांनाही हाच प्रश्न विचारून पाहावा; कदाचित त्यांच्याजवळ खरोखरच एखादा पाहिलेला प्रसंग असेल, आणि मग ‘सगळे विकले गेले आहेत’ ह्या वाक्याच्या जागी अमुक साली अमुक ठिकाणी काय पाहिले ते येईल.

आणि एवढी तयारी करूनही व्यासपीठावर १८८२ च्या जागी तोंडातून १८९२ गेले, तर वाक्य पुरे करून पुढे जाऊ नये. तेथेच थांबून, ‘क्षमा असावी, साल चुकले, ते १८८२’ असे सरळ म्हणावे, आणि मग पुढील वाक्य घ्यावे. परीक्षक कागदावरून मान वर करतील.